अर्ल कधी बुडणार?

माझ्या नावाने आजवर चार वेळा शोध-बचाव पथक बोलावलं गेलं आहे, आणि चारही वेळा मी अगदी ठणठणीत होतो. पहिल्या वेळी तर मी टोस्टला लोणी लावत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण लार्च लँडिंगमध्ये अजूनही काही लोक मला भेटले की आवाज हळू करून विचारतात, "लॉर्न, आता बरं वाटतंय ना?" मला तेव्हाही बरंच वाटत होतं.

आमच्या गावात हिमस्खलन सुरक्षा मंडळ आहे आणि मी त्याचा अध्यक्ष आहे. झालो कसा, तर साथीच्या वर्षी मंडळाची सभा पडद्यावर भरली होती. अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं गेलं आणि मी जोरजोरात नकार दिला. माझा माइक बंद होता आणि मान मात्र हलत होती. कार्यवृत्तात "एकमताने" असं लिहिलेलं आहे. वास्तविक बर्फावर घसरण्याचा माझा सगळा अनुभव घराच्या पायरीपासून टपालपेटीपर्यंतचा. मी तेहेतीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीचे पंचनामे केले. काय काय कोसळू शकतं, कशावर कोसळू शकतं आणि त्यानंतर घरचे लोक कसे बसलेले असतात, हे मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे. अशा माणसाच्या बायकोने डोंगर चढायला लागू नये.

पण बर्नडेट लागली. त्या वर्षी चर्चमधलं गाणं बंद, बर्फावरचा कर्लिंगचा खेळ बंद, पोहण्याचा तलाव बंद. ती तीन आठवडे घरात बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि चौथ्या आठवड्यात तिने डोंगर चढायच्या स्की विकत घेतल्या. वय एकोणसाठ. सोबतीला मार्जोरी आणि इल्से, दोघी तिच्याच वयाच्या आणि तिच्याइतक्याच हट्टी. स्कीच्या टेकडीवर त्या हंगामात मोजक्याच लोकांना सोडत होते, त्यामुळे गावातले निम्मे लोक मागच्या डोंगरांत जायला लागले. टेकडीवर कामाची माणसं पहाटे स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडून ठेवतात. मागच्या डोंगरात असं कोणी नसतं. तिथे बर्फ सुटला की सुटला.

तिथे जाणारा प्रत्येकजण छातीला एक यंत्र बांधतो. त्याला आम्ही बीकन म्हणतो. माणूस गाडला गेला की त्याचं बीकन खालून ठोके पाठवत राहतं आणि वरच्यांनी आपल्या बीकनवर ते ऐकत त्याला शोधून उकरून काढायचं असतं. हातात साधारण पंधरा मिनिटं असतात. बर्नडेटचं बीकन इल्सेच्या पुतण्याचं जुनं होतं.

"हे वापरायचं कसं, माहितीय का तुला?" मी विचारलं.

"चालू करायचं," ती म्हणाली.

त्या दिवशी मला मंडळाच्या अध्यक्षपदाचं महत्त्व पटलं.

दर वर्षी आमच्याकडे टोवे लिंडाल दोन दिवसांचं प्रशिक्षण घेते. टोवे हीच बचाव पथकाचीही प्रमुख. उंच, कमी बोलणारी, आणि बोलली की लोक पेन शोधायला लागतात अशी बाई. प्रशिक्षण सगळ्यांना फुकट. त्याचा खर्च मंडळाच्या वार्षिक जेवणातून निघायचा: हॉलमध्ये राजमा-खिम्याची पातेली, भिंतीवर डोंगरांचे फोटो आणि घरी सारण भरून भाजलेल्या पाईंचा लिलाव, ज्यात गावातल्या बायका एकमेकींच्या पाई ईर्ष्येने चढ्या भावात घ्यायच्या. त्या वर्षी हॉलला कुलूप. टोवेने स्वच्छ सांगितलं, "लॉर्न, सोबतीला दोन वाटाडे लागतात, त्यांना एकतीस जानेवारीपर्यंत पैसे द्यावे लागतील. दिले तर सहा-सात फेब्रुवारीला प्रशिक्षण. नाही तर पुढच्या वर्षी."

आणि बर्नडेट मंडळींनी वीस फेब्रुवारीला पुलपिट नावाच्या उताराखालची झोपडी दोन दिवसांसाठी घेऊन ठेवली होती.

"प्रशिक्षण झालं तर मी पहिल्या रांगेत बसेन," ती म्हणाली. "नाही झालं तरी झोपडी घेतलेली आहे."

आता निधी कसा उभारायचा यावर शेजाऱ्यांचा सल्ला घेणं आलं. म्हणजे मी तो मागितला नव्हता, तो आपोआप आला. आमच्याकडे त्या वर्षी हॉकीच्या एका काठीएवढं अंतर ठेवून बोलायचा नियम होता आणि शेजारचा स्टॅन कोवालचुक खरोखरीच काठी घेऊन यायचा. बोलताना ती माझ्या पोटाला टेकवून अंतर तपासायचा. तो कामाला होता ती गिरणी बंद पडल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता.

पलीकडच्या पॉली कालमाकॉफ त्र्याऐंशी वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "अरे पोरा, त्यात काय एवढं? मी बोर्श्ट करते, तू विक." पॉलींच्या बोर्श्टमध्ये कोबी, बीट, शेपू आणि माणूस आडवा होईल इतकं लोणी असतं. मी आनंदाने आरोग्य खात्याला फोन केला. त्यांनी विचारलं, स्वयंपाकघर तपासलेलं आहे का? मी हे पॉलींना विचारलं. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझं स्वयंपाकघर तपासायला जो येईल, त्याने आधी हात धुऊन यावं." तो विषय तिथेच संपला आणि मला आठवडाभर बोर्श्ट मिळालं नाही.

"तळ्यावर गाडी ठेव," स्टॅन म्हणाला. "आमच्या लहानपणी ठेवायचे. डिसेंबरात भंगार गाडी गोठलेल्या तळ्यावर ढकलायची, आणि वसंतात ती कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी बुडणार यावर तिकिटं विकायची. सगळ्यात जवळचा अंदाज ज्याचा, त्याला निम्मे. हॉल नको, जेवण नको, कोणी कोणाच्या तोंडाजवळ जायला नको."

इतकी चांगली कल्पना स्टॅनच्या तोंडून यावी याचं मला जरा वाईट वाटलं. पण मी ती उचलली.

सोडतीला परवाना लागतो. परवाना कचेरीतल्या मिस पेनर यांच्याशी माझा जो संबंध जुळला तो पुढे दोन महिने टिकला. आमचं लग्न ठरलं तेव्हाही बर्नडेटशी मी फोनवर इतका बोललो नव्हतो.

"बुडणारी वस्तू कोणती?" मिस पेनरनी विचारलं.

"गाडी."

"गाडीत तेल असतं, मिस्टर हॅवरकॅम्प. पर्यावरण खातं हो म्हणणार नाही."

"रिकामी गाडी?"

"रंग असतो."

मी शेड धुंडाळली. लोखंड नको, रंग नको, प्लास्टिक नको. शेवटी बिनरंगी लाकडाची एक खुर्ची मंजूर झाली. पण थिंबल तळ्याच्या काठाने जाणाऱ्या हमरस्त्यावरून खुर्ची दिसेना. न दिसणाऱ्या खुर्चीवर कोण पैसे लावणार?

"मग तिच्यावर माणूस बसव," स्टॅन म्हणाला. "पेंढ्याचा."

पेंढ्यासाठीही प्रमाणपत्र लागलं, त्यात तणाचं बी नाही असं. ते मिळवायला मी दीडशे किलोमीटर गाडी हाकली आणि शेतकऱ्याने मला एक गठ्ठा आणि एक दया आलेली नजर दिली. बाहुलं स्टॅनने बनवलं. ते बघायला गेलो तर त्याच्या अंगात माझा नारिंगी शिकारी कोट आणि डोक्यावर माझी कानटोपी होती. खिशावर "एल. हॅवरकॅम्प" हे विमा कंपनीच्या सहलीत भरतकाम केलेलं नाव तसंच होतं.

"हा माझा कोट आहे!"

"बर्नडेटने दिला," स्टॅन म्हणाला. "म्हणाली, तो कुठे जातोय कुठे?"

"आणि पोट एवढं कशाला केलंस?"

"समोर जे रोज बघतो ते केलं."

बाहुल्याचं नाव अर्ल ठेवलं. त्याला घसरगाडीवरून ओढत आम्ही ओढ्याच्या तोंडापाशी नेलं, कारण बर्फ तिथे सगळ्यात आधी जातो आणि मे महिन्यापर्यंत थांबायची कोणाची इच्छा नव्हती. खुर्चीच्या पायाला दोरी, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या घड्याळाला. अर्ल बुडाला की दोरी ओढली जाणार आणि घड्याळ बंद पडणार. नियमावली मी स्वतः लिहिली: "कोणत्याही कारणाने अर्ल संपूर्ण पाण्याखाली गेला की तो क्षण अंतिम मानला जाईल." कोणत्याही कारणाने, हे शब्द मी सवयीने घातले. विम्याच्या कागदांत आम्ही ते नेहमी उलट्या बाजूने वापरायचो.

नऊ जानेवारीला अर्ल बसला. अकरा तारखेला सकाळी मी टोस्टला लोणी लावत असताना दारावर ठोठावणं ऐकू आलं. दारात टोवे, मागे पथकाची गाडी, त्यात बचावाच्या नारिंगी पोशाखात सहा माणसं.

"लॉर्न, तू घरी आहेस?"

"मी आणखी कुठे असणार?"

"हमरस्त्यावरून एका ट्रकवाल्याने फोन केला. तळ्यावर एक म्हातारा परवापासून बसून आहे, हलत नाही म्हणे. दुर्बिणीतून तुझं नाव वाचलं त्याने."

"टोवे, तो अर्ल आहे. तू तिकीट घेतलंयस त्याचं!"

"मला माहितीय. पण फोन आला की आम्हाला यावंच लागतं." तिने वहीत काहीतरी लिहिलं. "टोस्ट करपतोय."

दुसऱ्यांदा फोन केला तो आमच्या चर्चच्या पाद्र्याने. त्याने फोनच्या आधी प्रार्थनाही केली होती. आणि त्या दिवसापासून गावात बातमी फिरली की हॅवरकॅम्प नवरा-बायकोचं बिनसलं आहे आणि बिचारा लॉर्न थंडीत तळ्यावर जाऊन बसतो. मला वाटलं होतं, बर्नडेट हसून सगळ्यांना खरं सांगेल. तिने सांगितलंही. पण लोक दुःखी घरात द्यायचं ते जेवण घेऊन यायला लागले आणि ते मात्र तिने परत केलं नाही. आमच्या दारात कोंबडी भरलेल्या पाई, बटाट्याचे पिरोगी, खिम्याची तबकं येऊन पडू लागली. पॉलींचं बोर्श्टसुद्धा परत सुरू झालं.

"बर्नडेट, हे फसवणुकीत मोडतं," मी म्हटलं.

"मी सगळ्यांना सांगते, लॉर्न आत बसलाय. ते म्हणतात, हो हो, बाई, तू असंच म्हणत राहा." तिने पिरोगी तव्यावर टाकले. "तू खाणार आहेस का?"

मी खाल्ले. पण उभ्याने खाल्ले.

मग मी हमरस्त्याकडे तोंड करून पाटी लावली: "हा माणूस खोटा आहे. लॉर्न घरी आहे." तिसरा फोन त्या पाटीमुळे आला. अल्बर्टातून आलेल्या एका कुटुंबाला वाटलं, गावाने मिळून लॉर्न नावाच्या कोणाचं तरी काहीतरी केलं आहे आणि आता लपवत आहेत. या वेळी टोवेबरोबर पोलीसही आले. मला ओळखपत्र दाखवून मीच मी असल्याचं सिद्ध करावं लागलं. पोलीस माझ्याच वर्गातला होता, तरी त्याने फोटो दोनदा पडताळून पाहिला.

या सगळ्या बेअब्रूचा एक फायदा झाला. तिकिटं भराभर खपली. टपाल कचेरीत, हार्डवेअरच्या दुकानात, औषधाच्या खिडकीवर लोक रांगा लावून एप्रिलच्या तारखा लिहीत होते. स्टॅनने तेवढी दोन फेब्रुवारी लिहिली. "तू हात घातलेलं काम तोवर टिकलं तरी पुष्कळ," तो म्हणाला. प्रशिक्षणाला पुरून उरेल इतका निधी तेवीस तारखेलाच जमला. मी मिस पेनरना आनंदाची बातमी द्यायला फोन केला.

"अभिनंदन, मिस्टर हॅवरकॅम्प. कलम नऊ वाचलंत ना?"

विमा कंपनीत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाने कलम नऊ वाचलं नव्हतं. लोक माझ्यासमोर बसून "इतकं बारीक कोण वाचतं हो?" म्हणायचे तेव्हा मी कसा बघायचो ते मला आठवलं. कलम नऊ असं होतं की विजेता जाहीर होईपर्यंत सोडतीच्या पैशाला हात लावता येणार नाही. अर्ल बुडेपर्यंत पैसे बँकेत कोंडलेले. अर्ल बुडणार एप्रिलमध्ये. वाटाड्यांना पैसे हवेत एकतीस जानेवारीला. डोंगरातली झोपडी वीस फेब्रुवारीला.

"काही अपवाद?" मी विचारलं.

"विजेता," मिस पेनर म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. "बर्फावर मीठ टाक, लवकर वितळतो," पॉली म्हणाल्या. "चार पोती जाडं मीठ. कोणाला कळतंय?" स्टॅनने करवत काढून तिच्यात तेलही घातलं. काठी माझ्या पोटाला टेकवत म्हणाला, "अरे, अर्लभोवती गोल कापायचं, घरी यायचं. बायको महत्त्वाची की कलम?"

खोटं कशाला बोलू, मी एक मिनिट विचार केला. पण ज्यांनी एप्रिलवर पैसे लावले त्यांना फसवून मिळवलेल्या पैशातून लोकांना सावध राहायला शिकवायचं, हे माझ्याच्याने होईना. मी करवत त्याच्या हातातून घेतली आणि आमच्या शेडमध्ये कुलूपबंद केली. मग तिघींचं प्रशिक्षण तरी होऊ दे म्हणून पुढचे चार-पाच दिवस ज्यांना ज्यांना ओळखतो त्यांच्या दारात, काठीएवढ्या अंतरावर, टोपी हातात घेऊन उभा राहिलो. पण गिरणी बंद, दुकानं अर्धी. लोकांनी द्यायचं ते तिकिटांवर आधीच दिलं होतं. एका घरी तर मलाच कोंबडी भरलेली पाई दिली.

त्यातच जानेवारीच्या अखेरीला ऐन थंडीत दोन दिवस पाऊस पडला. टोवे रस्त्यात भेटली ती डोंगराकडे बघत उभी होती. "हा पावसाचा थर आता पोटात राहणार," ती म्हणाली. "वर नवा बर्फ पडेल, छान दिसेल. महिनाभर त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही." मी ते ऐकून घरी आलो आणि सरळ सांगून टाकलं.

"बर्नडेट, झोपडीवर जाऊ नकोस. एप्रिलनंतर शिक, मग पुढच्या वर्षी जा."

ती बुटांना मेण लावत होती. "पुढच्या वर्षी मी साठची होईन. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघा काय म्हणेल मला माहीत नाही. वर गेलं की मला श्वास घेता येतो, लॉर्न. खाली या वर्षी मला श्वास घेता येत नाहीये."

"मला भीती वाटते."

"माहितीय. ती तुझी आहे. माझ्या पिशवीत भरू नकोस." मग मेणाची डबी बंद करत ती म्हणाली, "मलाही वाटते. थोडी. म्हणून तर शिकायचंय."

तीस वर्षांत तिने मला असं कधी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी परत टोपी घेऊन निघालो.

अठ्ठावीस तारखेला दुपारी मी तळ्यापलीकडच्या घरांत फिरत असताना सायरन ऐकला. चौथी वेळ. मला आता सवय झाली होती, म्हणून काठावर सावकाशच पोचलो. अर्लशेजारी एक खराखुरा माणूस होता. व्हँकुव्हरहून आलेला, पातळ बुटांतला, भल्या मनाचा. त्याने पाटी वाचली, पटली नाही, पथकाची वाट न बघता स्वतःच बर्फावर चालत गेला, अर्लच्या खांद्यावर हात ठेवून "काका, चला," म्हणाला, आणि तेव्हा त्याला पेंढा लागला. त्याच क्षणी पावसाने मऊ झालेला बर्फ त्याच्या पायाखाली कुरकुरला. आता तो अर्लला मिठी मारून उभा होता आणि हलत नव्हता.

"तो मी नाही!" मी काठावरून ओरडलो. "लॉर्न मी आहे!"

"मग हा कोण?" तो ओरडला.

"अर्ल! त्याला सोडा! आडवे व्हा!"

टोवे पोटावर सरपटत निघाली होती, कमरेला दोर. मागे पथकाने दोर धरला, त्यांच्या मागे मी धरला, आणि रस्त्यावर गाड्या थांबवून उतरलेल्या लोकांनीही धरला. हॉकीच्या काठीचं अंतर कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. ती त्याच्यापर्यंत पोचली, त्याला पट्टा अडकवला, शांतपणे काहीतरी म्हणाली आणि आम्ही ओढलं. तो माणूस ओला, निळा पण सबंध काठावर आला. मी माझा अंगावरचा कोट काढून त्याला दिला. त्या हंगामातला माझा हा दुसरा कोट. बटणं टोवेने लावली. गमतीगमतीत चार पैसे जमवायला मी एक बाहुलं बसवलं होतं आणि त्यापायी एका भल्या माणसाचा जीव जात होता. ते मी आजही विसरत नाही.

आणि तेवढ्यात मागे आवाज झाला. खुर्ची एका बाजूला कलली, अर्लने आमच्याकडे एकदा पाहिल्यासारखं केलं आणि तो ताठ बसल्या बसल्या खाली गेला. शेवटी माझी कानटोपी तरंगली, मग तीही गेली. काठावरचं घड्याळ दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांवर थांबलं. पथकातल्या माणसांनी शिरस्त्राणं काढली.

मिस पेनरना मी सगळं खरं कळवलं, माझी चूक कुठे होती त्यासकट. सोबत टोवेचा अहवाल होता: वेळ, जागा, बर्फाची जाडी, अकरा साक्षीदार, पोलिसाची सही.

"तुमच्याच नियमात 'कोणत्याही कारणाने' आहे," मिस पेनर म्हणाल्या. कागद उलटल्याचा आवाज आला. "मिस्टर हॅवरकॅम्प, मी एकोणीस वर्षं इथे आहे. इतक्या कागदपत्रांनिशी कोणाची वस्तू बुडालेली नाही. पैसे मोकळे करते. खुर्ची मात्र तळ्यातून बाहेर काढा. आणि पुढच्या वर्षी अर्ज करणार असाल तर कृपया मला आधी सांगा, मी रजा घेईन."

विजेता स्टॅन. सगळ्यांनी एप्रिल लिहिलेला, एकट्याने फेब्रुवारी. गावात कुजबुज झाली, पण करवत माझ्या कुलपात होती आणि स्टॅन त्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसला होता. त्याने त्या पैशातून मोठा फ्रीजर घेतला आणि आपल्या वाट्यातून मंडळाला काहीही दिलं नाही. "कल्पना माझी होती," तो म्हणाला. "ती दिली ना?"

सहा फेब्रुवारीला प्रशिक्षण सुरू झालं. मी अध्यक्ष म्हणून थर्मास घेऊन हजर. टोवेने एका पिशवीत चालू बीकन घालून ती बर्फात गाडली आणि बर्नडेटला म्हणाली, "शोध."

बर्नडेटने यंत्र उलटं धरलं. मग सुलटं धरून भलत्या दिशेने पळाली. मग एका जागी फावड्याने कमरेइतका खड्डा खणला, त्यात काहीच नव्हतं. पिशवी मिळाली तेव्हा ती घामाने निथळत होती आणि हसत होती. आम्ही सगळेच हसत होतो.

"एकतीस मिनिटं," टोवे म्हणाली. "पिशवीला काही झालेलं नाही."

हसणं थांबलं. बर्नडेटने त्या पिशवीकडे पाहिलं, मग मार्जोरी आणि इल्सेकडे. "परत गाड," ती म्हणाली. त्या दिवशी तिने ती पिशवी नऊ वेळा शोधली. जेवायला थांबली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा वेळ सहा मिनिटांवर आला होता आणि माझा चहा थंड झाला होता.

वीस तारखेला सकाळी मी तिला गाडीपर्यंत सोडलं. पिशवी गाडीत ठेवली. बोलण्यासारखं होतं ते सगळं तिला आता माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. मी घरात आलो आणि तेहेतीस वर्षांत जे काही पडलेलं, मोडलेलं, गाडलेलं पाहिलं होतं ते सगळं एकेक करून आठवत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉली दारातून म्हणाल्या, "पोरा, असं खिडकीत बसून कोणी लवकर येत नाही." आणि बोर्श्ट ठेवून गेल्या.

त्याच दिवशी साडेअकराला गाडी वाजली. ठरलेल्या वेळेच्या सहा तास आधी. मी मोजे घातलेल्या पायांनी बर्फात धावलो.

तिघी उतरल्या. तिघींचे चेहरे पडलेले. मार्जोरी तर स्की उचलून तशीच निघून गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं!" बर्नडेट चिडून म्हणाली. "दोन तास चढून पुलपिटच्या खाली पोचलो. वर सगळं कोरं, गुळगुळीत, ऊन पडलेलं. आयुष्यात एकदा मिळतो असा बर्फ. आणि माझ्या पायाखाली धप् असा आवाज झाला, आतून. आम्ही खड्डा खणून बघितला, पावसाचा तो थर तसाच होता. मार्जोरी म्हणाली, कडेकडेने जाऊ. इल्से म्हणाली, एकेक करून जाऊ. मी नाही म्हटलं. टोवेचा नियम आहे, एकीने नाही म्हटलं की सगळ्यांनी परत. आलो परत. आता मार्जोरी माझ्याशी वर्षभर बोलणार नाही."

स्टॅन काठी घेऊन कुंपणापाशी आलाच होता. "मग सुटला का तो उतार?"

"नाही. आम्ही खालून दुर्बिणीने तासभर बघितलं. काही सुटलं नाही."

"म्हणजे उगाचच परत आलात," स्टॅन म्हणाला आणि फ्रीजरमधून काहीतरी काढायचं आठवून आत गेला.

बर्नडेट अंगणातच उभी राहिली. पाठीवर ओझं, नाक लाल, डोळ्यांत पाणी. रागाचं होतं. "तूही तेच म्हणणार ना? अख्खा हिवाळा तू दारोदार फिरलास, आणि मी काही न करता परत आले. उगाच."

"हो," मी म्हटलं. "उगाच आलीस. अगदी उगाच आलीस." मी तिला, तिच्या पाठीवरच्या पिशवीला, फावड्याला, सगळ्यांना मिळून मिठी मारली, माझे मोजे भिजत होते तरी सोडलं नाही, आणि सगळ्या गल्लीदेखत रडलो.

"लॉर्न," ती माझ्या खांद्याआडून म्हणाली, "अरे, आधी बूट तरी काढू दे."